उरलेले ३६,७२१ बाइट कुठे गेले?

१९८६ च्या गणेश चवथीला मामा कुवेतहून आले ते काखेत एक लांबट खोका घेऊन. 'टू-इन-वन' असेल असा आईचा अंदाज. निघाला एक जाड कीबोर्ड. पडदा नाही, पेटी नाही; सगळा कॉम्प्युटर त्या कीबोर्डच्या पोटातच होता, आणि पडद्याचं काम घरातल्या टीव्हीने करायचं होतं. फोंड्याला आमच्या घरी पावसाळ्यात विजेचा भरवसा नसायचा. मामांनी स्टॅबिलायझरची सुई जागेवर यायची वाट पाहिली आणि बटण दाबलं. टीव्ही निळा झाला. वर इंग्रजीत तीन-चार पांढऱ्या ओळी उमटल्या, त्यातली शेवटची होती: २८८१५ बाइट्स फ्री. तिच्या खाली 'ओके'.

बाबांचं बाजारात किराणा दुकान होतं. खोक्यावर '६४ के' छापलंय हे त्यांनी आधीच वाचलं होतं. एक के म्हणजे १,०२४ हे मामांकडून विचारून घेतलं, बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला गुणाकार केला, ६५,५३६ आले, त्यातून २८,८१५ वजा केले.

"छत्तीस हजार सातशे एकवीस कमी आहेत," ते मामांना म्हणाले. "दुकानदाराने फसवलं तुला."

मामांचा चेहरा उतरला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि कॉम्प्युटर म्हणजे काय हे मला काडीचंही ठाऊक नव्हतं, पण ती वजाबाकी डोक्यात रुतून बसली.

फसवलं कोणीच नव्हतं. त्या ३६,७२१ बाइटांचा हिशेब एकूण एक लागतो. तो लावता लावता प्रोसेसर ही काय चीज आहे आणि गेल्या पन्नास वर्षांत ती कशी बदलत गेली, यातलं बरंच काही उलगडतं. म्हणून तो हिशेब इथे मांडतोय.

सोळा तारा

आमचं यंत्र 'एमएसएक्स' जातीचं होतं. एमएसएक्स हे कंपनीचं नाव नव्हे. तो १९८३ मध्ये जपानात ठरलेला एक आराखडा: प्रोसेसर हा, प्रोग्राम लिहायची 'बेसिक' भाषा ही, तयार प्रोग्रामची डबी, म्हणजे कार्ट्रिज, खोचायची खाच अशी. सोनी, तोशिबा, यामाहा, फिलिप्स अशा कित्येक कंपन्यांनी त्या आराखड्यावर यंत्रं काढली. आखातात ती चांगली रुळली होती. कुवेतच्याच अल-आलमिया कंपनीची 'सख्र' नावाची अरबी अक्षरांची एमएसएक्स यंत्रंही होती. नोकरीसाठी आखातात गेलेल्या माणसांच्या सामानातून गोव्यात त्या काळी काय काय आलं याची यादी केली, तर त्यात टेपरेकॉर्डर आणि मिक्सरच्या जोडीला अशी एखादी वस्तूही सापडेल.

यंत्राचा प्रोसेसर होता झायलॉग कंपनीचा झेड-८०, १९७६ चा. तो ज्याने घडवला त्या फेडेरिको फाजिनने त्याआधी इंटेलमध्ये ४००४ या प्रोसेसरच्या कामाचं नेतृत्व केलं होतं. ४००४ बाजारात आला १९७१ मध्ये, तोही एका जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरच्या कामातून. त्यात ट्रान्झिस्टर होते साधारण २,३००. झेड-८० मध्ये ८,५०० च्या आसपास. ट्रान्झिस्टर म्हणजे भिंतीवरच्या बटणासारखाच एक चालू-बंद खटका, फक्त तो बोटाने न दाबता दुसऱ्या विजेने दाबला जातो. एका खटक्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा. एवढ्याच भांडवलावर सगळा कारभार चालतो.

आता मेमरी. ती एक लांबच लांब वाडा समजा. घरं एका ओळीत, प्रत्येक घरात एकच बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. प्रोसेसर सतत एकच गोष्ट करत असतो: ठरलेल्या नंबरच्या घरी जातो, तिथला आकडा उचलतो, तो आकडा कोणती सूचना सांगतो ते ओळखतो, ती पार पाडतो आणि पुढच्या घराकडे वळतो. घराचा नंबर सांगायला झेड-८० कडे सोळा तारा होत्या. प्रत्येक तारेत वीज आहे किंवा नाही, दोनच शक्यता. दोनाला दोनाने असं सोळा दोन घेऊन गुणत गेलं की ६५,५३६ येतात. वाड्यात त्याहून जास्त घरं बांधलीत तर बांधा, पण त्यांना नंबर मिळणार नाही, आणि नंबर नाही म्हणजे प्रोसेसरच्या लेखी ते घरच नाही.

कळीचा मुद्दा इथेच आहे. वीज बंद झाली की साध्या मेमरीतलं सगळं पुसलं जातं. मग बटण दाबल्यावर 'ओके' कोण लिहितं? त्यासाठी कारखान्यातच कायमची कोरलेली वेगळी मेमरी असते, तिला रॉम म्हणतात. आमच्या यंत्राची बेसिक भाषा आणि इतर व्यवस्था मिळून रॉम होती ३२ के, म्हणजे ३२,७६८ बाइटांची. तिलाही नंबर लागतातच. वाड्यातले पहिले अर्धे नंबर तिने घेतले. ६४ के मेमरी यंत्रात खरोखर होती, पण त्यातल्या अर्ध्या घरांच्या पाट्या रॉमच्या दारावर लागलेल्या होत्या.

गेले ३२,७६८.

उरलेल्या अर्ध्या भागातली काही घरं यंत्र स्वतःच्या टिपणांसाठी राखून ठेवतं. कर्सर कुठे आहे, कोणती कळ दाबली गेली, अर्धवट टाकलेलं काम कुठून पुढे न्यायचं, असल्या नोंदी. त्या जागा ३,९५३.

३२,७६८ अधिक ३,९५३ बरोबर ३६,७२१. बाबांची वजाबाकी एका बाइटनेही चुकली नव्हती.

हे समजायला मला दोन वर्षं लागली. यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात मेमरीचा एक उभा नकाशा होता; तो इतक्या वेळा पाहिला की ते पान सुटून आलं. १९८८ मध्ये एका संध्याकाळी तोच नकाशा वहीत काढून मी दुकानात गेलो आणि बाबांना दाखवला. त्यांनी गिऱ्हाईक थांबवून ठेवलं, नकाशा नीट पाहिला. म्हणाले, "म्हणजे गोदाम आपलंच आहे, पण त्याच्या दाराला नंबर नाही म्हणून माल उतरवता येत नाही." इतकं नेमकं मला आजही सांगता येत नाही.

झेड-८० ला पाढे येत नव्हते

प्रोसेसरला ताल लागतो. एक छोटा स्फटिक सतत थरथरत असतो आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर एक पाऊल टाकतो. आमच्या यंत्राचा ठोका सेकंदाला सुमारे ३५ लाख ८० हजार. हा विचित्र आकडा आला रंगीत टीव्हीतून. अमेरिकी आणि जपानी टीव्हीच्या रंगांसाठी याच ठोक्याचे स्फटिक लागत. ते ढिगाने बनत, म्हणून स्वस्त मिळत. एमएसएक्सवर अगदी साध्या सूचनेलाही पाच ठोके जायचे, म्हणजे सेकंदाला फार तर सात लाख सूचना.

त्या सूचनांमध्ये बेरीज होती, वजाबाकी होती, गुणाकार नव्हता. आपण शाळेत पाढे घोकतो, तेरा अक्रे एकशे त्रेचाळीस हे तोंडावर येतं. झेड-८० ला पाढे येत नव्हते. त्याला दुप्पट करता येत होतं, कारण दुप्पट म्हणजे सगळे बिट, म्हणजे आकडा ज्यांनी लिहिलेला असतो ते ० आणि १, एक जागा डावीकडे सरकवणं. आपण आकड्यापुढे शून्य लावून दहापट करतो तसंच.

समजा परसात १३ माड आहेत, पाडेल्याने प्रत्येकावरून ११ नारळ उतरवले. १३ म्हणजे ८ अधिक ४ अधिक १. अकराची दुप्पट करत गेलं की ११, २२, ४४, ८८ मिळतात. त्यातले एकाचे ११, चाराचे ४४ आणि आठाचे ८८ घ्यायचे, दोनाचे २२ सोडायचे. बेरीज १४३. कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवायलाही वेगळी अक्कल नको: १३ हा आकडा यंत्रात मुळात ११०१ असाच लिहिलेला असतो. एक असेल तिथे घ्या, शून्य असेल तिथे सोडा.

मी हा गुणाकार यंत्राच्या भाषेत लिहिला. सूचनांचे आकडे पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात शोधायचे आणि 'पोक' या आज्ञेने एकेक आकडा एकेका घरात ठेवायचा. पडद्यावर १४३ आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. यंत्राच्या तळापर्यंत आपला हात पोचला, मध्ये कोणी नाही, ही जाणीव तिथे पहिल्यांदा झाली. त्या काळातल्या छोट्या कॉम्प्युटरांबद्दल माझ्या पिढीला जो जिव्हाळा वाटतो त्याचं मूळ मला यातच दिसतं. खेळ आणि रंग होतेच, पण मुख्य म्हणजे ते यंत्र सबंध डोक्यात मावत होतं.

प्रोग्राम साठवायला डिस्क नव्हती, साधी ऑडिओ कॅसेट होती. बिट आवाजाच्या रूपात जायचे: शून्यासाठी एक जाड लहर, एकासाठी दोन बारीक लहरी. नेहमीच्या वेगात सेकंदाला १०९ बाइट, म्हणजे २८,८१५ घरं पूर्ण भरली असती तर जवळजवळ साडेचार मिनिटं किरकिर ऐकावी लागली असती. माझा गुणाकार वीसएक सेकंदांत मावला. कोरी कॅसेट मात्र घरात नव्हती. कपाटातून हाताला लागली ती मी लावली, आणि ती बाबांनी रेडिओवरून टेप करून ठेवलेली अभिषेकीबुवांची निघाली. मंगेशी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. बुवा मंगेशीचे, घरात त्यांच्या आवाजाचं स्थान काय होतं ते सांगायला नको. अभंगाचा मधलाच तुकडा गेला. बाबा रागावले नाहीत. त्यांनी कॅसेटवरचा कागद बदलला, त्यावर माझ्या प्रोग्रामचं नाव लिहिलं. त्याचं मला जास्त लागलं.

तारा वाढत गेल्या

मोठ्या यंत्रांच्या जगात तोवर तारा वाढल्या होत्या. इंटेलचा ८०८६ आला १९७८ मध्ये, २९,००० ट्रान्झिस्टर आणि वीस तारा घेऊन: १०,४८,५७६ घरं. त्याला गुणाकार येत होता, जरी मोठ्या आकड्यांच्या एका गुणाकाराला शंभराहून जास्त ठोके लागत. त्याचाच स्वस्त भाऊ ८०८८ हा आयबीएमने १९८१ च्या पीसीत बसवला. १९८५ चा ३८६ बत्तीस बिटांचे पत्ते घेऊन आला. दर तारेमागे घरं दुप्पट, त्यामुळे एकदम ४,२९,४९,६७,२९६. चार जीबी. ही घरं कधी भरणारच नाहीत असं तेव्हा वाटत असणार.

ती भरली. २००९ मध्ये मी पणजीहून नवा कॉम्प्युटर घेतला, मेमरी चार जीबी. घरी येऊन पाहतो तर पडद्यावर ३.२५ जीबी. दुकानातल्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, "तेवढीच दिसते, सर." त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे मात्र वीस वर्षांपूर्वीच येऊन ठेवलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिम ३२-बिटी होती. ग्राफिक्स कार्ड आणि इतर जोडण्यांनाही त्याच चार जीबीतले नंबर लागतात. त्यांनी वरचे नंबर घेतले आणि त्यामागची मेमरी बिननंबराची राहिली. बाबांचं गोदाम, पुन्हा. यावर उपाय म्हणजे ६४ बिटांचे पत्ते. ते एएमडीने २००३ मध्ये साध्या पीसीच्या प्रोसेसरमध्ये आणले होते, आणि नंतर त्याला साजेशी ऑपरेटिंग सिस्टिम घातल्यावर माझे चारही जीबी दिसू लागले.

नेवऱ्यांची रांग

पत्ते वाढले तसा वेगही वाढला, आणि त्यात ठोका जलद करण्यापलीकडचं बरंच काही होतं. हा भाग मला चवथीच्या स्वयंपाकघराशिवाय सांगता येत नाही.

एकटीच बाई नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करत असेल तर ती पारी लाटते, सारण भरते, कड मुरडते, तळते, आणि मग दुसरीला हात घालते. झेड-८० जवळपास असाच. आता चार जणी ओळीने बसवा. एक लाटते, पुढची भरते, तिच्या पुढची मुरडते, आणि लाटणारी तोवर दुसरी पारी घेऊन तयार. एका नेवरीला लागणारा वेळ तेवढाच राहतो, पण कढईतून दर ठोक्याला एक नेवरी बाहेर पडते. १९८९ च्या ४८६ मध्ये, बारा लाख ट्रान्झिस्टरांच्या, अशी पाच टप्प्यांची ओळ होती. १९९३ च्या पेंटियममध्ये, ज्याच्या घडणीत पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा मोठा वाटा आहे, अशा दोन ओळी शेजारी शेजारी बसवल्या.

पण तळणारी तयार आणि पीठ कोठीच्या खोलीत, असं झालं तर सगळी ओळ खोळंबते. प्रोसेसर जितका जलद झाला तितकी मेमरी झाली नाही. आज एकदा मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायला दोनशे-तीनशे ठोके सहज जातात. म्हणून लागेल तेवढं पीठ परातीत घेऊन जवळच ठेवायचं. या परातीला कॅश म्हणतात. ४८६ च्या पोटात ती ८ के होती. आणखी एक युक्ती: पुढची नेवरी ओल्या खोबऱ्याची की तिळाची, हे आई सांगण्याची वाट न पाहता अंदाजाने भरायला घ्यायचं. अंदाज चुकला तर ती बाजूला टाकायची. आजचे प्रोसेसर अंदाजात क्वचितच चुकतात, आणि त्यांच्या वेगाचा मोठा हिस्सा त्या अंदाजांवर उभा आहे.

मग २००४ च्या सुमारास चूल तापली. तोवर एक सोय होती, आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्ये मांडलेली: ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारा विजेचा दाबही त्याच प्रमाणात उतरवता येतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी उष्णता वाढत नाही. दाब एका मर्यादेखाली नेला मात्र, की खटका बंद असतानाही त्यातून वीज पाझरते, वॉशर झिजलेल्या नळासारखी. दाब उतरेना, आणि ठोका वाढवावा तर चिप भाजून निघे. एमएसएक्सच्या ३५ लाख ८० हजारांपासून २००४ च्या पेंटियम ४ च्या ३८० कोटींपर्यंत वीस वर्षांत ठोका हजारपट झाला. त्यानंतरच्या वीस वर्षांत दुप्पटही नाही.

म्हणून एका स्वयंपाकघराऐवजी दोन, चार, आठ. यांनाच कोअर म्हणतात. नेवऱ्या वाटून घेता येतात, पण गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला दहा जण आले तरी चौकटीखालच्या पाटावर उभं राहणारा एकच, बाकीचे खालून सुपारीचे घोस आणि तोरिंगणं हातात देणार. प्रोग्रामांचंही तसंच आहे. ज्या कामाचे तुकडे पडत नाहीत त्याला आठ कोअरांचा फायदा होत नाही, आणि आठ कोअरांचा मोबाइल दोन कोअरांच्या चौपट वेगवान का वाटत नाही याचं मुख्य कारण हे.

वीज न जोडताच

मोबाइलचा प्रोसेसर बहुतेक वेळा आर्म घराण्याचा असतो, आणि हे घराणं छोट्या घरगुती कॉम्प्युटरांच्याच वंशातलं आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हे यंत्र काढलं होतं. भारतात १९८४-८५ पासून 'क्लास' या सरकारी योजनेतून निवडक शाळांत जे कॉम्प्युटर पोचले ते हेच. पुढच्या यंत्रासाठी एकॉर्नने स्वतःचा प्रोसेसर करायचं ठरवलं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्यातले मुख्य. आराखडा चालतो का हे पाहायला विल्सन यांनी त्याची नक्कल बीबीसी मायक्रोवरच, बेसिकमध्ये, लिहिली. चिपला स्वस्त प्लास्टिकचं वेष्टन घालायचं होतं, म्हणून तिने तापून चालणार नव्हतं, आणि म्हणून सूचना थोड्या आणि साध्या ठेवल्या. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हातात आली: ट्रान्झिस्टर जेमतेम २५,०००, जेव्हा त्याच वर्षीच्या ३८६ मध्ये पावणेतीन लाख होते. फर्बर वीज किती लागते ते मोजायला गेले तर मीटर शून्यावर. चिप तर व्यवस्थित चाललेली. तिची वीजपुरवठ्याची तारच जोडली गेली नव्हती. आजूबाजूच्या तारांतून पाझरणाऱ्या विजेवर ती काम करत होती.

गेल्या पावसाळ्यात मी ती जुनी कॅसेट शोधून काढली. फितीला बुरशी आली होती, आमच्याकडच्या दमट हवेत दुसरं काय होणार. मऊ फडक्याने जमेल तशी पुसली, टेपच्या हेडला स्पिरिट लावलं, आवाज मोबाइलमध्ये घेतला आणि एमएसएक्सची नक्कल करणाऱ्या ॲपला ऐकवला. नक्कल म्हणजे असं: झेड-८० ची एक सूचना वाचायची आणि त्याने जे केलं असतं ते मोबाइलच्या प्रोसेसरने स्वतःच्या दहा-वीस-पन्नास सूचना वापरून करून दाखवायचं. इतकं ओझं घेऊनही त्याचं काम चुटकीसरशी उरकतं. उरलेला वेळ तो नुसता थांबतो, कारण नाहीतर १९८६ चं यंत्र पडद्यावर धावत सुटेल.

निळा पडदा आला. २८८१५ बाइट्स फ्री. पहिल्या दोन खेपांना त्याने फीत नीट वाचता येत नसल्याची तक्रार केली. तिसऱ्या खेपेला ओके आलं. ११ दिले, १३ दिले, १४३.

टेपरेकॉर्डर बंद करायचा राहिला होता. किरकिर संपली, क्षणभर खरखर झाली आणि बुवांचा आवाज मधल्याच एका तानेत सुरू झाला. मी बटणाकडे हात नेला तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "राहू दे."